आक्काची खानावळ

आमच्या घरात विलायतेचे भाव लुगड्यांत निघत. रुपये-आणे किंवा पौंड-शिलिंग आप्पांना कळत नव्हते असे नाही; पेठेतल्या व्यापाऱ्याने दोन पैसे कमी दिले तर ते त्यांना झोपेतसुद्धा कळले असते. पण परक्या देशातली कुठलीही रक्कम कानावर पडली की ते माग थांबवीत, धोटा मांडीवर ठेवीत आणि विचारीत, "म्हंजे किती लुगडी?" मी मनात आकडेमोड करून सांगे. लंडनातल्या एका खोलीचे आठवड्याचे भाडे म्हणजे दीड लुगडे. दोन्ही वेळचे जेवण धरले तर तीन. बोटीचे तिकीट म्हणजे दोन्ही मागांवर दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत निघतील तेवढी सगळी लुगडी, आणि तीही सूत फुकट मिळाले असे धरून. आप्पा थोडा वेळ मागाच्या खड्ड्यातल्या, पायाने दाबायच्या पावट्यांकडे पाहत राहत, मग धोटा उचलून म्हणत, "मग इणाय लागतो." त्यांच्या दृष्टीने अर्थशास्त्र तिथे संपत असे. पुढे मी या विषयावरची बरीच जाड पुस्तके वाचली. त्यांतली काही याहून कमी स्पष्ट होती.

शहापूर बेळगावला चिकटलेले, पण त्या काळी संस्थानच्या हद्दीतले. रस्त्याची एक बाजू इंग्रजांची, दुसरी आमच्या राजेसाहेबांची. चिखल दोन्हीकडे सारखाच. सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, पसरलेले असत आणि त्यांना खळ लावली जात असे. शाळेला जाणारी मुले, म्हशी आणि पोष्टमन असे सगळे त्या ताण्यांच्या कडेने अंग चोरून जात. घरात दोन माग. एकावर आप्पा बसत, दुसऱ्यावर एक मजूर. मागांचा आवाज इतका सवयीचा की तो बंद पडला तर तान्ही मुले जागी होत. पण त्या दणक्याच्या खाली दुसरा एक आवाज असे, रहाटाचा, बारीक कुरकुर केल्यासारखा. तो आक्काचा. पहाटे चूल पेटवण्यापूर्वी ती धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायला बसे, आणि रात्री भांडी पालथी घातल्यावर पुन्हा बसे. मागावरचा ताणा संपत आला की जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे जोडावे लागतात. बोटे राखेत बुडवून एकेक धागा पीळ देऊन जोडायचा. हजारो धागे. हे कामही आक्काचेच. तिने जोडलेला धागा लुगड्यात कुठे आला हे आप्पांनाही दाखवता येत नसे.

आक्का माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन गोकाककडे गेली होती. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती एका गाठोड्यानिशी परत आली. आप्पांनी फक्त कांड्या भरणाऱ्या म्हातारीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. यालाच आम्ही तिला सांभाळणे म्हणत होतो.

मला संस्थानाने सुताच्या रंगाईचे शिक्षण घेण्यासाठी विलायतेला पाठवायचे ठरवले. आमच्या लुगड्यांचा रंग उतरतो अशी मुंबईच्या बाजारातून तक्रार येत होती, आणि गल्लीत मॅट्रिकच्या पुढे शिकलेला मी एकटाच होतो. शिष्यवृत्ती अर्धी. उरलेला अर्धा भाग राजेसाहेबांच्या आशीर्वादातून भागेल अशी दरबारची समजूत असावी. तिकडे एकूण खर्च किती, राहायचे कसे, हे विचारायला मी टिळकवाडीत एका वकीलसाहेबांकडे जाऊ लागलो. हे गृहस्थ बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले होते आणि तीन वर्षांनी एक उत्तम छत्री घेऊन परतले होते. गाव त्यांना सौजन्याने बॅरिस्टर म्हणे आणि ते सौजन्याने नाही म्हणत नसत. दुपारच्या उन्हात कोट चढवून ते मला सांगत, की तिकडे आंघोळीच्या गरम पाण्याला वेगळे पैसे पडतात, शेगडीतल्या कोळशाला वेगळे, कॉलर धुण्याला वेगळे. अंड्याचा, लोण्याचा, बुटाच्या पॉलिशाचा असे सगळे भाव त्यांनी मला पाठ करायला लावले. एक दिवस म्हणाले, "आपल्या पोरांचं तिकडे काय बिघडतं ठाऊक आहे? आयतं मिळायची सवय. जाण्याआधी महिनाभर स्वतःच्याच घरात लॉजर म्हणून राहून बघा. प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजा. मग कळेल जगणं केवढ्याला पडतं."

त्या वयात छापील किंवा छापल्यासारखे बोललेले काहीही मला पटत असे. मी पेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या मुलांच्या शिकवण्या करीत होतो आणि त्याचे पैसे टोपी-कोटासाठी बाजूला ठेवीत होतो. ते घेऊन मी घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून आईला, म्हणजे अव्वाला, सगळी योजना समजावून सांगितली. अव्वा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"भाकरीचं पैसे? माज्या चुलीवरच्या?"

"सराव म्हणून गं. तिकडे सगळेच देतात."

"तिकडं काय बी खाऊ देत. अन्न इकायचं न्हाय आमच्यात. माज्या सासूनं दुष्काळात इकलं न्हाय, आनि मी पोटच्या पोराला इकू? त्यापक्षा माती खा म्हन." आणि ती भाकरी तव्यावर अशी आपटली की पीठ माझ्या पुस्तकावर उडाले.

रहाटामागून आक्का म्हणाली, "तू इकू नगो अव्वा. मी इकते."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिले. ती थट्टा करते आहे असे मला वाटले. तिच्या तोंडावरून तसे काही ठरवता येत नसे. "अर्धा सैपाक मी करते न्हवं? माज्या अर्ध्याचं घीन. तुज्या अर्ध्याचं पुण्य तुज्याकडं ऱ्हाऊ दे," ती अव्वाला म्हणाली. अव्वा पदराने नाक पुसत हसली. तिथेच खानावळ सुरू झाली.

सुरुवातीला आम्ही खूप हसलो, हे मला इथे नोंदवले पाहिजे, कारण पुढचे लिहिताना ते विसरायला होते. आक्काने दर ठरवले. दोन वेळच्या जेवणाचा एक आणा. आंघोळीच्या ऊन पाण्याचा पैसा. धोतर धुण्याचा पैसा. "आनि पाठ घासून पायजे असंल तर येगळं," ती म्हणाली. मी थाळीजवळ आणा ठेवी, ती तो उचलून कनवटीला लावी आणि ऐटीत म्हणे, "आनिक काय पायजे साहेब?" एकदा आमटीत मीठ जास्त पडले म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाली, "मिठाचं पैसे लावलं न्हाईत, खा गप." मला तर आपण अर्धे लंडनला पोचलो असे वाटू लागले होते. वकीलसाहेबांना मी आठवड्याचा खर्च सांगितला. ते म्हणाले, तिकडच्या मानाने फारच स्वस्त. मला अभिमान वाटला. कशाचा, ते आज सांगता येत नाही.

मात्र आठवडाभरातच आक्का एखादा प्रश्न विचारू लागली. रहाट न थांबवता, माझ्याकडे न पाहता.

"ती तिकडची खोलीवाली बाई, तिला नवरा असतोय काय?"

"कधी असतो, कधी नसतो. वकीलसाहेबांना खोली देणारी विधवा होती."

"मग घर कुनाचं?"

"भाड्याचं. पण चालवते ती. दाराला किल्लीही तिचीच."

"भाऊ, बाप कोन इचारत न्हाय?"

"त्यांचा काय संबंध?"

रहाट जरा वेळ फिरला. "लोक काय म्हंत्यात तिला?"

"मिसेस अमुक. मान देऊन बोलतात."

"आपल्या गल्लीतली काशव्वा निपानीत वखारीत तंबाखू चाळाय जाती. खोली घेऊन ऱ्हाती. तिला काय म्हंत्यात ठावं हाय न्हवं तुला?" मला ठाऊक होते. मी तो शब्द उच्चारला नाही, आणि संभाषण लंडनच्या धुक्याकडे वळवले. त्या विषयावर मी बरेच वाचले होते.

बदल हळूहळू झाला असावा. माझ्या लक्षात तो एकदम आला. आक्का माझ्याशी थट्टा करीनाशी झाली. आणा उचलताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी फक्त आप्पांच्या चेहऱ्यावर पाहिले होते, व्यापारी लुगडे पारखून पैसे मोजी तेव्हा. पाणी जास्त कढत असे. धोतर जास्त शुभ्र निघे. एकदा मी पैसे द्यायला विसरलो तर ती दारात येऊन उभी राहिली. मी हसत म्हणालो, "काय गं, भावावर विश्वास नाही?" ती म्हणाली, "भावावर हाय." आणि उभीच राहिली.

महिना संपत आला होता तेव्हा गल्लीत ताण्याला खळ लावताना शेजारचा एक विणकर आक्काला मोठ्याने म्हणाला, "काय गं, खानावळ काडलीस म्हनं! आमालाबी ठिवून घेतीस काय?" चार माणसे हसली. त्याच ताण्याच्या दुसऱ्या टोकाला आप्पा होते. त्यांनी खळीचा कुंचा खाली ठेवला आणि घरात आले. खळ लागलेले हात त्यांनी धुतलेही नाहीत. त्यांनी आम्हां सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावले. दोन्ही माग बंद होते, त्यामुळे प्रत्येक शब्द बाहेर ऐकू जात होता.

"भावाला भाकर घालून पैसे घेतलीस?"

"व्हय," आक्का म्हणाली. "त्यो साहेब हुनार हाय. साहेबाला सवय पायजे."

"आनि तुला?"

"मलाबी."

आप्पा माझ्याकडे वळले. "तू सांग. शिकलेला हाईस. ते पैसे खरं व्हतं, का खेळ व्हता?"

मी आक्काकडे पाहिले नाही. मला आठवते, मी मागाच्या फणीकडे पाहत होतो. तिकिटाची लुगडी अजून विणून व्हायची होती आणि ती विणणारा माणूस रागावला होता. शिवाय, हे सांगायला हवे, त्या प्रश्नाचे मला खरोखर एकच उत्तर माहीत होते. महिनाभरात मला एकदाही वाटले नव्हते की ते पैसे खरे आहेत. "सराव होता आप्पा," मी म्हणालो. "खेळच म्हणायचा."

"मग खेळाचं पैसे परत कर त्याला," आप्पा आक्काला म्हणाले. सुटका झाल्यासारखा त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"उद्या देते," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती रहाटाचा आवाज नव्हता म्हणून. रहाटाजवळ भरलेल्या कांड्यांची टोपली होती, काठोकाठ. सर्व्हिस मोटारीच्या एजंटाने दुपारी येऊन सांगितले की तुमची लेक पहिल्या गाडीने निपाणीला गेली, तिकीट रोखीने काढून. रोखीने हा शब्द त्याने उगाचच जोर देऊन उच्चारला असेल, किंवा मला तसा ऐकू आला असेल.

तिची मावशी आजारी आहे म्हणून ती तिकडे गेली असे आम्ही गल्लीला सांगितले. आम्हांला मावशी नव्हती, आणि हे गल्लीला माहीत होते. याच धांदलीत माझा निरोपसमारंभ झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, जरीचा रुमाल बांधलेले अध्यक्ष, गुलाबपाणी, आणि बशीत चमचाभर खव्याचा कुंदा. दरबारचे एक अधिकारी म्हणाले की या तरुणाच्या पाठीशी संस्थान उभे आहे; वकीलसाहेब म्हणाले की परदेशी जगण्याची किंमत या तरुणाने इथेच राहून जाणून घेतली आहे. टाळ्या पडल्या. शेवटी कोणीतरी माझ्या घरच्या स्त्रियांच्या त्यागाचा गौरव केला. अव्वा बायकांच्या बाजूला बसली होती, तिने पदर तोंडावर ओढला. लोकांना वाटले, गहिवर आला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि तो टोचत होता. तेव्हापासून मी कुठल्याही सत्काराला गेलो की आधी बघतो, सत्कारमूर्तीच्या घरचे कोण आलेले नाही.

कांड्यांची टोपली आठवडाभर पुरली. मग पहिल्या मागावरचा ताणा संपत आला. अव्वाची नजर अधू झाली होती, तिला धागे दिसेनात. आप्पांनी शेजारच्या वडगावहून एक बाई बोलावली. तिने जोडणीची आणि कांड्यांची मजुरी सांगितली. बाई गेल्यावर आप्पांनी सवयीने मला विचारले, "म्हंजे किती लुगडी?"

मी सांगितले. महिन्याची.

आक्का परत आल्याला किती वर्षे झाली हे आम्हां दोघांनाही माहीत होते. पुढचा गुणाकार मी मोठ्याने केला नाही, आणि त्यांनी विचारला नाही. त्या दिवशी त्यांनी धोटा उचलला नाही. संध्याकाळी म्हणाले, "निपानीला जाऊन ये. तिला म्हनावं, ताना संपत आलाय."

निपाणीत उतरले की आधी शिंक येते. सगळ्या गावावर तंबाखूची धूळ असते, झाडांच्या पानांवरसुद्धा. वखारीच्या दारातून बायका बाहेर पडत होत्या, नाकातोंडाला फडकी बांधलेल्या, त्यामुळे सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. त्यांतल्या एकीने फडके खाली ओढले तेव्हा ती आक्का निघाली. डोळे लाल झाले होते. ते रडून झाले असावेत असे मला वाटले. खरे म्हणजे सगळ्यांचेच लाल होते.

ती मला खोलीवर घेऊन गेली. काशव्वाने अर्धी खोली तिला दिली होती. एक चूल, दोन वळकट्या, खुंटीवर किल्ली. काशव्वा "तुमी बोला" म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. आक्का खोकत खोकत चुलीपुढे बसली आणि पीठ मळू लागली.

"आप्पांनी पाठवलंय," मी म्हणालो. "ये म्हणालेत."

"का?"

माझ्याजवळ बरीच वाक्ये तयार होती. मोटारीत दोन तास मी ती जुळवली होती. पण तिने इतके सरळ विचारले की खरे तेच बाहेर पडले. "ताणा संपत आलाय."

ती हसली. राग नव्हता. "वडगावच्या बाईला इचारलासा न्हाई?"

"विचारलं."

"किती म्हनाली?"

मी आकडा सांगितला.

"मग तेवडं मला देनार हाईत काय आप्पा?"

"ते काही बोलले नाहीत."

"तू इचारलास?"

लंडनातल्या अंड्याचा भाव मला तेव्हा पाठ होता. आजही आहे. मी म्हणालो, "नाही."

"बरं," आक्का म्हणाली आणि भाकरी थापू लागली. माझ्या कोटाचे कापड बोटांनी चाचपून तिने त्यातले सूत आणि लोकर ओळखली. तिकडे थंडी फार म्हणतात, छातीला जप, म्हणाली. मग थाळी पुढे ठेवली. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, कांदा बुक्कीने फोडलेला. भाकरीलाही किंचित तंबाखूचा वास होता. तिने हात कितीही धुतले तरी तो जाणार नव्हता. मी पोटभर जेवलो. शरमेने भूक मरते असे वाचले आहे, माझा तसा अनुभव नाही.

जेवण झाल्यावर हात धुतला आणि खिशात हात घातला. मुद्दाम नव्हे. महिनाभर रोज जे केले होते तेच हाताने केले. आणा काढून मी थाळीजवळ ठेवला. ठेवल्यावर मला दिसला. क्षणभर असेही वाटले की बरोबरच आहे हे, या वेळी तरी खरे पैसे देतो आहे, ते तिला कळेल.

आक्काने आण्याकडे पाहिले. मग थाळी उचलली, आणि नाणे तिथेच जमिनीवर राहू दिले.

"उचल त्ये," ती म्हणाली. "आप्पाच्या घरात पैसे घ्यायची मी. हितं घर माजं हाय. हितं भाकर इकत न्हाय."

मी वाकून तो आणा उचलला.